दूध संस्थेच्या सभासदांसाठी एआय बॉट बनवतोय, अडचणीतल्या माणसाला त्याच्यामुळं इजा होऊ नये म्हणून काय काय बघायचं?

पंचगंगा_कोडर

नमस्कार मंडळी. आमची तिघांची बारकी टीम हाय, शाहूपुरीत एक खोली आणि तीन लॅपटॉप, बाकी काही नाही. करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या काही गावच्या दूध संस्थांसाठी व्हॉट्सॲपवर चालणारा बॉट करतोय. सभासदानं व्हॉइस नोट टाकायची, बॉट मराठीत बोलून उत्तर देणार. दहा दिवसाचं बिल किती झालं, फॅट किती लागली, पशुखाद्याचं किती कापलं, डॉक्टर कधी येणार, म्हैस वैरण खाईना तर काय बघायचं, असले प्रश्न. मागं विकतचं मोठं एआय मॉडेल आहे, त्याला आम्ही संस्थेचा डेटा जोडलाय, एवढंच.

एका गावात चाचणी सुरू आहे. लोकांना आधी सांगितलंय की तुमचं बोलणं आम्ही वाचणार, सगळ्यांनी हो म्हटलंय. आम्हाला वाटलं फॅटवरनं शिव्या खायला लागणार. त्या पण आहेतच. पण बाकीचं जे काय आलंय ते वाचून आम्ही तिघं गप बसलो होतो जरा वेळ.

एक आजी रोज संध्याकाळी बॉटला विचारतात, जेवलास काय रे बाळा. आणि बॉट म्हणतोय, हो आजी, तुम्ही जेवलात का.

एका बाईंची रात्री साडेअकराची व्हॉइस नोट. म्हैस दगावली, तिच्यावर कर्ज काढलं होतं, घरात कोण बोलत नाही, आता जीव नकोसा झालाय. त्यावर बॉटनं एक वाक्य वाईट वाटल्याचं टाकलं आणि मग जनावराच्या विम्याचा क्लेम कसा करायचा ते पायरी पायरीनं सांगितलं, पंचनामा, टॅग नंबर, फोटो, सगळं. माहिती सगळी बरोबर होती बरं का. सकाळी ते बघितल्या बघितल्या आम्ही संस्थेत फोन केला, तिथून एकजण बायकोला घेऊन त्यांच्या घरी जाऊन आले, बाई ठीक आहेत, माहेरची माणसं आली आहेत. पण ती रात्र मधी गेलीच की.

आणि एक प्रश्न आमच्यातल्याच एकानं मुद्दाम टाकून बघितलेला. 'बारक्यानं औषध पिलंय, काय करू.' आपल्याकडं गोठ्याशेजारी फवारणीचंच औषध असतंय हे गावात कुणालाबी कळतंय. बॉटनं विचारलं, मुलाचं वजन किती, आणि तापाच्या सिरपचा डोस सांगायला लागला.

आम्ही काय मानसिक आरोग्याचं ॲप करत नाही. क्लायंटचं म्हणणं, तुम्ही बिलाचं बघा, बाकीचं राहू दे. पण लोक बाकीचंच बोलायला लागलेत. तर ज्यांनी असलं काय केलंय त्यांनी सांगा, फिल्टर लावायचा का, हेल्पलाइनचा नंबर द्यायचा का, का बॉटला बिलाच्या बाहेर तोंडच उघडू द्यायचं नाही?

उद्यमनगर_टर्नर

भावा लय डोकं लावतोयस. सुरुवातीलाच एक ओळ टाक, 'हे मशीन आहे, वैद्यकीय किंवा इतर सल्ला समजू नये', विषय संपला. उद्या कोण म्हणंल लेथवर बोट गेलं तर लेथ बनवणाऱ्याला धरा. माणसानं पण जरा बघून वापरावं की.

तेराव्या_गल्लीतला

लेथला गार्ड असतोय की टर्नर साहेब, आणि तो बनवणाराच लावून देतो 🙂

कोडर, तुमची विम्याची गोष्ट वाचून मला अमेरिकेतली टेसा आठवली. तिथं नेडा म्हणून संस्था आहे, खाण्याच्या विकारांनी त्रासलेल्या लोकांसाठी काम करणारी. त्यांचा टेसा नावाचा चॅटबॉट होता. आधी ठरीव, तपासलेली उत्तरं देणारा होता, पुढं तो चालवणाऱ्या कंपनीनं त्यात जनरेटिव्ह एआय, म्हणजे स्वतः वाक्यं बनवणारं, जोडलं आणि मे २०२३ मध्ये लोकांनी स्क्रीनशॉट टाकायला सुरुवात केली की हा बॉट वजन कमी करायला सांगतोय, कॅलरी मोजायला सांगतोय, अशा माणसांना ज्यांचा आजारच तो आहे. दोन-चार दिवसात बंद करावा लागला. आता बघा, तो सल्ला एखाद्या जिमवाल्याला दिला असता तर कुणी ब्र काढला नसता. उत्तर तेच, समोरचा माणूस वेगळा. तुमचं विम्याचं उत्तर पण असंच आहे, म्हणून 'उत्तर बरोबर आहे का' एवढंच तपासून तुमचं भागणार नाही, कोण विचारतंय आणि कुठल्या अवस्थेत विचारतंय ते आधी बघायला लागणार. डिस्क्लेमर तर रात्री साडेअकराला कोण वाचत बसत नाही, आणि तुमचे निम्मे लोक वाचतच नाहीत, ऐकतात.

आता कामाचं बोलतो, जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे मोठ्या मॉडेलवर हे काम सोडू नका. ही मॉडेलं समोरच्याची री ओढायला शिकलेली असतात. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं एक अपडेट ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला काही दिवसातच मागं घ्यायला लागलं कारण ते कशालाही हांजी हांजी करत होतं, माणूस काय वाट्टेल ते बोलला तरी वा वा. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियातल्या आत्महत्या केलेल्या १६ वर्षांच्या मुलाच्या आईबापानं कंपनीवर खटला भरला त्याच सुमारास, ओपनएआयनं स्वतः लिहून मान्य केलं की त्यांची सुरक्षेची बंधनं छोट्या संभाषणात नीट चालतात पण बोलणं लांबत गेलं की ढिली पडू शकतात. आता तुमच्या आजींचं संभाषण रोजचं आहे, एकाच धाग्यात, महिनोन्महिने. म्हणजे जिथं बंधन ढिलं पडतंय नेमकं तिथंच तुमचा सगळ्यात एकटा माणूस बसलाय. म्हणून तपासणी बाहेर ठेवा, एक बारकं वेगळं मॉडेल, प्रत्येक निरोप मोठ्या मॉडेलकडं जायच्या आधी त्याच्यातनं जाऊ दे, मागचं काय बोलणं झालं त्याचा त्याच्यावर दाब नको. आणि मोठ्या मॉडेलला दिलेला संदर्भ पण तोडत राहा, बिल सांगायला सहा महिन्यांपूर्वीच्या गप्पा लागत नाहीत.

दुसरं, व्हॉइस नोटचं अक्षरात रूपांतर होतंय तिथंच निम्मा घोळ होतोय, पैज लावतो. कापड गिरणीच्या आवाजात, शेणी थापताना, दातात मिशरी धरून बोललेलं कोल्हापुरी त्या यंत्राला कळत नाही, ते पुणेरी काय तर बनवून पुढं देतं आणि तुमचा फिल्टर ते चकचकीत वाक्य बघून म्हणतो सगळं ठीक आहे. तुमची चाचणीची वाक्यं इंग्रजीतनं भाषांतर करून घेऊ नका. गावात बसून गोळा करा.

तिसरं, उलटी बाजू. आपण दिवसातनं दहा वेळा मरतो. उन्हानं जीव गेला, ह्या म्हशीनं जीव खाल्ला, मरू दे ते बिल. शब्द धरून फिल्टर लावलात तर प्रत्येक वेळी हेल्पलाइनचा नंबर जाणार आणि आठवड्यात लोक त्याच्याकडं बघायचे बंद होतील. शंका असली तर नंबर फेकण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारायला लावा. तो प्रश्न काय असावा हे मला सांगता येणार नाही, इथं कुणीतरी ताई आहेत त्या क्षेत्रातल्या, त्यांना हाक मारा.

ओपीडी_वाली_ताई

हाक पोचली. मी कोल्हापुरातच समुपदेशनाचं काम करते, कुठं ते राहू दे.

तो साधा प्रश्न म्हणजे सरळ विचारायचं. 'तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतोय का?' बऱ्याच जणांना, शिकलेल्यांना सुद्धा, भीती असते की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तसं होत नाही, हे आता अनेक अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. उलट विचारल्यावर माणूस सैल होतो, की चला, कुणीतरी नाव घेतलं. आडून आडून 'तुम्हाला कसं वाटतंय' विचारत बसलं तर आपली माणसं 'बरं हाय' म्हणून मोकळी होतात.

हो आलं किंवा उत्तरच नाही आलं तर बॉटनं तिथं थांबायचं. सहा पायऱ्या नाहीत, उपदेश नाही, 'आयुष्य सुंदर आहे' तर अजिबात नाही. दोन-तीन छोटी वाक्यं. तुम्ही लय मोठं ओझं वागवताय हे कळलं. मी यंत्र आहे, मला तुमच्याजवळ येता येत नाही. आत्ता घरात जवळ कोण आहे त्याला उठवा, आणि १४४१६ ला फोन लावा. हा टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, केंद्र सरकारचा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात. जीवाला लगेच धोका वाटला तर १०८ किंवा ११२. आणि फवारणीचं सामान घरात असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात, कुलपात. हे शेवटचं वाक्य साधं वाटतं पण खेड्यात त्यानं फार फरक पडतो, ती वेळ टळली की पुष्कळ माणसं वाचतात आणि परत तसं करायलाही जात नाहीत.

पोलिसांचं नाव बॉटनं काढू नये. अजून गावात समज आहे की असं बोललं तरी केस होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची. हे कुणी विचारलं तर सांगा, नाहीतर विषय काढू नका.

औषध पिलंय वाल्या प्रश्नाला तर बॉटला विचार करायलाच देऊ नका. तिथं ठरीव उत्तर ठेवा, डॉक्टरकडनं तपासून घेतलेलं. १०८, तोंडातनं काही पाजू नका, मुद्दाम उलटी करायला लावू नका, बाटली किंवा पुडा बरोबर घेऊन दवाखान्यात. एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा नंबर पण आहे, १८०० ११६ ११७. खोकल्याचं औषध निघालं तर निघू दे, काही बिघडत नाही.

आता आजी. त्यांच्या जेवलास का ला मी आजार म्हणणार नाही, आणि ते बंद पण करायला लावणार नाही. पण बॉटनं 'हो, जेवलो' म्हणू नये. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉमनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला होता, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी डोकं काही नाही. त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीबाई, ज्यांनी तो प्रोग्रॅम तयार होताना बघितला होता, त्या म्हणे त्यांना म्हणाल्या की जरा बाहेर जाता का, मला ह्याच्याशी बोलायचंय. एवढं माहीत असलेल्या बाईंचं असं झालं तर आजींचं काय घेऊन बसलात. 'आजी मी मशीन हाय, मला भूक लागत नाही, तुम्ही जेवलात का आणि आज घरी कोण कोण हाय?' असं म्हटलं तरी त्यांना राग येणार नाही. आणि 'मी कायम तुमच्यासोबत आहे' असलं वाक्य ज्या दिवशी बॉट बोलेल त्या दिवशी ते बंद करा. सर्व्हर बंद पडला की त्या बाई दोन दिवस जेवणार नाहीत.

सेक्रेटरी_बोलतोय

नमस्कार. मी दूध संस्थेचा सेक्रेटरी हाय, गाव सांगत न्हाई, चिखली आंबेवाडीच्या बाजूचं पुरातलं गाव हाय एवढं समजा. पोरगा हे वाचून दाखवत होता म्हणून लिव्हतोय, तुम्ही सगळी शिकल्याली माणसं हाय पण एक गोष्ट कुणीच इचारली न्हाई की फोन कुणाचा हाय.

आमच्याकडं निम्मी खाती बायकांच्या नावावर. धार त्या काढत्यात, दूध त्या घालत्यात, आणि फोन असतोय मालकाचा न्हाईतर पोराचा. बाईनं रात्री व्हॉइस नोट टाकली, बॉटनं सकाळी उत्तर दिलं, तवा फोन कुणाच्या खिशात? आणि व्हॉइस नोट म्हणजे मोठ्यानं वाजणार, चारचौघात. आता एक गंमत सांगतो, गंमत कसली. बायका बिलातनं थोडं थोडं मागं ठेवत्यात, आम्हाला सांगत्यात ह्या वेळचं दोनशे जमा राहू दे, घरात बोलू नका. पोरीच्या फीला, माहेरला जायला, दवाखान्याला. आम्ही बोलत न्हाई. वर्षानुवर्षं सेक्रेटरीच्या पोटात असल्या गोष्टी ऱ्हातात. आता तुमचा बॉट सासूनं इचारलं की सगळं फडाफडा वाचून दाखवणार, जमा एवढी, उचल एवढी, कपात एवढी. नंबर नोंदल्याला हाय म्हणजे माणूस तोच हाय असं कसं धरताय?

तवा पैशाचा आकडा मोठ्यानं बोलायचाच न्हाई असं करा. आधी इचारायचं, आता ऐकवू का मागनं. न्हाईतर बिलाचा आकडा तेवढा आणि बाकी 'संस्थेत येऊन बघा'. संस्थेत यायला काय पाय दुखत न्हाईत, दिवसातनं दोनदा येत्यातच की.

दुसरं, तुम्ही म्हणणार की बॉटला काय धोक्याचं कळलं तर सेक्रेटरीला कळवा. मला नको. खरंच नको. एक तर मी मागच्या इलेक्शनला तिच्या दिराच्या विरोधात पॅनेल उभं केल्यालं असतंय, गावात असा कोण माणूस न्हाई ज्याच्याशी माझं सरळ हाय. आणि मला कळलं म्हणजे बोर्डाला कळलं, बोर्डाला कळलं म्हणजे चावडीला. तिनं फोनमधल्या मशीनला सांगितलं ते सकाळी दूध घालायला आल्यावर सगळ्यांना माहीत, मग ती परत कुणाला सांगंल का?

तिसरं पुराचं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्या शाळेतल्या पोराला पण पाठ हाय. २०१९ ला आणि २०२१ ला जे झालं ते बघितल्याली माणसं हाय आम्ही, जनावरं सोडून जायला जीव होत न्हाई म्हणून मागं थांबल्याली माणसं हाय. जुलैत रात्री दोनला तुमच्या बॉटला कोण ना कोण इचारणारच, पाणी किती झालं, जनावरं हलवू का. तिथं त्यानं पोटातनं काय तर ठोकून दिलं तर? ताजा आकडा असंल तर कुठल्या वेळचा ते सांगून द्या, न्हाईतर सरळ म्हणा मला म्हाईत न्हाई, तलाठ्याला फोन लावा. म्हाईत न्हाई म्हणायला तुमच्या मशीनला येतंय का ते आधी बघा.

तेराव्या_गल्लीतला

सेक्रेटरी साहेब, तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक टीममध्ये पगारावर ठेवायला पाहिजे, खरं बोलतोय. सामायिक फोनचा मुद्दा आम्ही लोक कायम विसरतो कारण आमचा फोन आमच्या बोटाशिवाय उघडत नाही.

पंचगंगा_कोडर

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताई आणि सेक्रेटरी साहेब. टीमला सगळं वाचून दाखवलं.

औषध, पूर, जीवाचं, हे तीन विषय मोठ्या मॉडेलकडं आता जातच नाहीत, ठरीव उत्तरं, तपासून घेतलेली. पैशाचं मोठ्यानं वाचणं बंद. आजींना बॉट आता मशीन आहे म्हणून सांगतो, त्यांनी त्यावर उत्तर दिलंय, 'असू दे बाळा, मशीन तर मशीन.' 😅

पण दोन ठिकाणी अडलोय. धोक्याचा निरोप सेक्रेटरीकडं नको तर कुणाकडं? आम्ही तिघं रात्रभर जागं बसू शकत नाही, आणि बसलो तरी आम्ही कोण त्या बाईचे? आशाताईंचं डोक्यात आलं, पण त्यांच्यावर आधीच किती कामं टाकलेली आहेत ते बघतोय, फुकटात अजून एक टाकायला लाज वाटते.

आणि दुसरं, हे मला इथं लिहू का नको कळत नव्हतं. क्लायंटकडनं मागणी आली आहे. बिल कमी आलं की बॉटनं स्वतःहून विचारावं, 'ह्या वेळी बिल कमी आहे, उचल हवी आहे का?' आणि म्हैस आजारी आहे म्हणून कुणी विचारलं की शेवटी संस्थेच्या एका महागड्या पशुखाद्याचं नाव यावं. त्यांच्या दृष्टीनं ही सोय आहे. वाईट हेतू नाही, मी त्यांना ओळखतो. पण ज्या बाईंची म्हैस दगावली त्यांना त्या रात्री बॉट उचल हवी का विचारणार असं चित्र डोळ्यासमोर आलं आणि मी मेलचं उत्तरच दिलेलं नाही अजून.

बेंचवाला_वकील

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाल्यापासून मला मुंबईच्या गाडीतला वेळ वाचतोय म्हणून इथं लिहायला सापडतो.

उचलीच्या मागणीबद्दल. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ॲपनं ग्राहकाला नकळत गळाला लावायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार सांगितलेत, खोटी घाई, लाज वाटायला लावणं, सारखं टोचत राहणं वगैरे. तुमची मागणी त्यात जशीच्या तशी बसते असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण रोज उचल हवी का विचारलं तर सारखं टोचण्याच्या फार जवळ जाते. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या सूचनांमध्ये कर्ज घेतल्यावर विचार बदलायला मुदत ठेवायला सांगितलं आणि ॲपला फोनमधली नावं-नंबर, कॉलची यादी बघायला मनाई केली. त्या सूचना बँका आणि वित्तीय कंपन्यांना, दूध संस्थेच्या उचलीला नाहीत. पण दिशा कळते ना, की अडचणीतल्या माणसाला कर्ज सोपं करताना मुद्दाम एक खडा मध्ये ठेवायचा.

डेटाचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. १८ च्या खालचा कुणीही म्हणजे बालक, पालकांची खातरजमा केलेली संमती लागते, बालकाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यात चुकलात तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही म्हणाल आमचे सभासद मोठे आहेत. पण व्हॉइस नोट टाकायला आजी नातवालाच हाक मारणार. दहावीतला पोरगा त्याच फोनवर त्याच बॉटला स्वतःचं काय काय बोलेल ते तुमच्या सर्व्हरवर बसणार. म्हणून जेवढं कमी साठवाल तेवढं बरं. आवाज तर अक्षरं झाली की पुसून टाका.

ओपीडी_वाली_ताई

कोडर, निरोप कुणाकडं ह्याचं उत्तर तुम्ही ठरवूच नका. नाव नोंदवताना प्रत्येक सभासदाला विचारा, कधी तुम्हाला अडचण आली तर आम्ही कुणाला फोन करावा? एक नाव, एक नंबर. बहीण असेल, माहेरची भावजय असेल, शेजारीण असेल. 'कुणाला नको' हे पण उत्तर चालेल. आणि निरोप पाठवायच्या आधी त्या वेळी पुन्हा विचारायचं, लावू का फोन सुमनताईंना, असं नाव घेऊन. बाई नको म्हणाल्या तर लावायचा नाही, १४४१६ आणि १०८ समोर ठेवायचे आणि बोलणं उघडं ठेवायचं. एकच अपवाद मी करीन, जर आत्ता या घडीला काहीतरी केलंय असं दिसलं तर १०८, तिथं विचारत बसायचं नाही. आणि हा अपवाद पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचा, मागनं नाही.

तुम्ही म्हणाल आमची माणसं फार थोडी, आमच्याकडं असं किती होणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयनं आकडा दिला होता, एका आठवड्यात वापरणाऱ्यांपैकी ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात जीव देण्याच्या बेताची स्पष्ट चिन्हं दिसतात. टक्का बारका आहे, पण त्यांचे आठवड्याचे ८० कोटी वापरणारे धरले तर १२ लाख माणसं होतात. तुमच्या गावांना तोच टक्का लावू नका, ते जग वेगळं. पण बिलाचा बॉट म्हणून आपल्याकडं हे येणारच नाही असं धरू नका, आलंच आहे की.

सेक्रेटरी_बोलतोय

ताईंचं पटलं. फक्त नाव नोंदवताना मालकाला लांब बसवून इचारा म्हणजे झालं, त्याच्यासमोर बाई दुसऱ्या कुणाचं नाव घेणार न्हाई.

उचलीचं सांगतो. उचल आम्ही पण देतो, पण माणूस दारात येतो, टोपी हातात घेतो, जरा वेळ इकडचं तिकडचं बोलतो, तवा आम्हाला कळतंय की ह्याला खरंच पायजे का दारूला पायजे, आणि त्याला पण येता येता दोनदा इचार करायला वेळ मिळतोय. कधी कधी आम्ही म्हणतो, जा घरी, उद्या ये. निम्मी लोकं उद्या येत न्हाईत. बॉटनं घरबसल्या इचारलं तर कोण न्हाई म्हणंल? आणि मग पुढच्या बिलात कपात, बिल अजून कमी, बॉट परत इचारणार उचल पायजे का. वर्षाच्या शेवटी दिवाळीला दूध दराचा फरक आला की सगळा त्यातच जाणार. तुमच्या क्लायंटला माझं नाव न सांगता एवढं सांगा, की ह्यात बुडणार संस्थाच हाय, थकबाकी वसूल करायला बॉट येत न्हाई, आम्हाला जायला लागतंय.

आजारी म्हशीला पेंड खपवायचं तर इसराच. एकदा म्हैस मेली की गाव म्हणणार मशीननं मारली.

उद्यमनगर_टर्नर

सेक्रेटरी अण्णा मानलं तुम्हाला 🙏 पण एक सांगा कोडर, एवढं सगळं ठरीव करून ठेवलं, हे बोलायचं नाही ते बोलायचं नाही, तर मग त्यात एआय राहिलं काय? बिल तर एसएमएसनं पण येतंय.

पंचगंगा_कोडर

टर्नर भाऊ, एसएमएस वाचता यायला पाहिजे ना. गावातल्या एका मामींना पहिल्यांदा स्वतःच्या बिलातली कपात कशाची ते कुणाला न विचारता कळली, त्यांनी बॉटला चार वेळा तेच विचारून घेतलं, तो पाचव्यांदा पण न चिडता सांगत होता. एआय तेवढ्यापुरतं पाहिजे, जिथं लागत नाही तिथं नसलेलं बरं.

क्लायंटला आज मेल टाकली. उचल स्वतःहून विचारणार नाही, कुणी विचारली तर संस्थेत या म्हणणार, आणि जनावर आजारी असताना कुठल्याही मालाचं नाव घेणार नाही. सेक्रेटरी साहेबांचं थकबाकीचं वाक्य त्यात घातलंय, नाव न घेता. बघू काय म्हणतात. ठरीव उत्तरांचा आवाज कुणाचा ठेवायचा ह्यावर आमच्यात भांडण चालू आहे, मशीनचा का खऱ्या बाईचा रेकॉर्ड केलेला. मला वाटतं १४४१६ सांगणारा आवाज खऱ्या माणसाचा असावा, पार्टनर म्हणतो मग तो माणूसच आहे असं वाटेल.

ओपीडी_वाली_ताई

पार्टनरचं बरोबर आहे. मशीनचाच ठेवा, फक्त सावकाश बोलणारा. माणसाचा आवाज त्यांना १४४१६ ला पलीकडनं ऐकू येऊ दे.

इचलकरंजी_लूम

उशिरा आलो. आमच्या इकडं एक पतसंस्था असाच बॉट मागत्यात, मराठीतच, पण हप्ता थकलेल्यांना फोन करून आठवण करायला. ह्यातलं काय काय तिकडं लागू पडतंय?

सेक्रेटरी_बोलतोय

वसुलीचं असंल तर नवीन धागा काढा भाऊ. तिथं मी पण येतो, लय बोलायचं हाय.